कोडाची बंदूक

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्वांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लोखंडाच्या पाइपाला हात न लावता, त्याच्या जवळही न जाता, लांब उभं राहून त्याचं नाव, गाव आणि कुळ विचारण्याची विद्या जव्हार-मोखाडा रस्त्यावर ज्या गृहस्थांनी आणली, त्यांच्याविषयीचा हा मजकूर आहे. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. मात्र वाचताना एक पाइप लांब बसावं. त्यांना जवळ बसलेलं चालत नसे.

एक पाइप म्हणजे दोन-तीन जीपगाड्या ओळीनं उभ्या केल्यावर होईल एवढं अंतर. आमच्या यार्डात सगळं मोजमाप पाइपातच चाले. कंपनी मोठी, पाण्याच्या योजनांना लागणारे जाडजूड पोलादी पाइप बनवणारी. कारखाना खाली समुद्राच्या बाजूला. डोंगरातल्या कामांसाठी माल साठवायला तिनं पठारावर हे यार्ड घेतलं होतं. माणसाच्या कमरेला लागतील एवढे पाइप एकावर एक रचलेले, मध्ये पत्र्याची उंच शेड आणि चारी बाजूंनी वारा. मी तिथे डिस्पॅचला होतो, म्हणजे भरलेली गाडी बाहेर पडताना गेटपास फाडायचो. ते स्टोअरचे प्रमुख. समोर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि मागे बारकोडसाहेब.

साहेब काहीही सांगायचं झालं की एक पाइप लांबूनच सांगत. म्हणजे ओरडत. खासगी गोष्टसुद्धा ओरडूनच. "अहो, तुमच्या पॅन्टची चेन!" हे वाक्य त्यांनी एकदा मला इतक्या आपुलकीनं आणि इतक्या लांबून सांगितलं की हायड्रावाल्यानं क्रेन थांबवून आधी स्वतःची चेन तपासली.

किल्ल्या ते हातात देत नसत, फेकत. चहाचा पेला त्यांचा स्वतःचा, केबिनमधल्या खिळ्याला टांगलेला. जव्हारला थंड हवेचं ठिकाण म्हणणारे लोक बहुधा मे महिन्यात इथे येत नाहीत. त्या मे महिन्यातही साहेबांच्या हातात पांढरे सुती हातमोजे आणि गळ्याला मफलर. यार्डातल्या कुत्र्यालाही ते अहो-जाहो करत. "अहो, बाजूला व्हा, हायड्रा मागे येतेय." कुत्रा बाजूला होई. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या फोटोत साहेब आहेत, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग चौकटीबाहेर.

पोशेऱ्याहून जीपमध्ये कोंबून येणाऱ्या मजूर बायका आपसात म्हणत, "साहेबाला आमचा वास येतो." हे साहेबांच्या कानावर गेलेलं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. गर्विष्ठ म्हटलेलं त्यांना परवडत होतं.

कारण हातमोज्यांच्या आत कोड होतं. दोन्ही हातांची बोटं टोकापासून मनगटापर्यंत पांढरी, आणि एक चट्टा कानामागून मानेवर उतरलेला. कॉलेजात असताना सुरू झालं. त्यांच्या आत्येलाही होतं. ते शिवल्यानं होत नाही, जेवल्यानं होत नाही, सोबत बसल्यानं होत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि डॉक्टरांचं म्हणणं त्यांना पूर्ण पटलेलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाला पटल्याचं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांची मुलगी वैशाली, अंगावर तिळाएवढाही डाग नसलेली, बालवाडीत शिकवणारी. तिला बघायला माणसं येत, पोहे खात, मुलगी पसंत आहे म्हणत, मग वडिलांचे हात बघत आणि "कळवतो" म्हणून जात. साहेबांची बायको पुढे पुढे पोहे कमीच भिजवू लागली.

मला हे ठाऊक होतं, कारण मी त्यांच्याच आळीतला. यार्डात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मग बंदूक आली.

बंदूक येण्याआधीचं काम कसं होतं ते सांगतो. प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी त्याचा नंबर रंगवलेला असे. गाडी लागली की हवा तो पाइप शोधायला कुणीतरी ढिगावर चढायचं, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, नंबर वाचायचा आणि वरून ओरडायचं. ढीग खाली लाकडी पाचरांवर तोललेला. पाचर सरकली की ढीग चालायला लागतो, आणि चालणाऱ्या ढिगाला कुणी "अहो, बाजूला व्हा" म्हणू शकत नाही. दाभोशाच्या एका गड्याच्या पायाची बोटं अशीच गेली. ती बोटं गेली तेव्हा साहेब एक पाइप लांब उभे होते. त्यांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्यानंतर ते कंपनीच्या असे मागे लागले की वरचे लोक त्यांचा फोन उचलेनासे झाले, आणि शेवटी कटकट मिटावी म्हणून त्यांनी यंत्र पाठवलं.

दिसायला बंदूकच. पाइपावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, ट्रकच्या मागे असते तशी चमकणारी चिठ्ठी लावायची. लांब उभं राहून घोडा दाबायचा. लाल ठिपका चिठ्ठीवर पडला की 'टीं' असा आवाज, तळहातात थरथर, आणि बंदुकीच्या पाठीवरच्या काचेवर पाइपाची सगळी कुंडली: जाडी, लांबी, पोलाद कुठल्या ओतातलं, कुठे जायचा. शेडच्या या टोकाहून त्या टोकाची चिठ्ठी वाचता येई. ढिगावर चढायला नको.

साहेबांना असा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. लांबून वाचायचं, हा त्यांचा जन्माचा धर्म, आणि त्यासाठी आता कंपनीनं यंत्र दिलं होतं. दिवसभर ते काहीबाही वाचत. माझ्या डब्याशेजारचा बिस्किटाचा पुडा त्यांनी गेटवरून वाचला. चिठ्ठी मळलेली असली की काचेवर 'नो रीड' अशी अक्षरं येत. ती त्यांनी शिवी म्हणून घेतली. सुपरवायझर लांबण लावू लागला की साहेब ओरडत, "नो रीड!" आणि पाठ फिरवत. बायकांना चिठ्ठ्या लावायला शिकवताना सांगत, "माल असो की माणूस, चिठ्ठी बाहेरच्या अंगाला हवी. आतल्या अंगाला असलेली चिठ्ठी देवालासुद्धा वाचता येत नाही." असं सांगणाऱ्या माणसाच्या गळ्याला भर उन्हात मफलर असे, आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना वाटत नसे.

पण बंदुकीचा घोडा होता बारीक. सुती हातमोज्यात बोट त्यावरून सटके. दोन दिवस साहेबांनी झटापट केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी उजवा हातमोजा काढून खिशात घातला.

आता पोशेऱ्याच्या बायकांच्या बाजूनं बघा. इतकी वर्षं साहेबाचे हात कुणी पाहिलेले नाहीत. बंदूक आली. बंदुकीचं नाव काय, तर बारकोड. बार म्हणजे काय, हे जंगलातल्या माणसाला सांगावं लागत नाही. बंदुकीतून निघतो तो बार. कोड म्हणजे काय, हेही कुणाला सांगावं लागत नाही. आणि चार दिवसांत ती बंदूक धरणाऱ्या साहेबाची बोटं पांढरीफटक! यात चूक कुठे आहे ते मला अजूनही दाखवता येणार नाही. एवढा बिनतोड हिशेब आमच्या कंपनीतल्या इंजिनियरांनी कधी मांडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बायका गेटवरच थांबल्या. त्यांची पुढारी बुधीबाय. शिडशिडीत, कपाळावर गोंदण, जीभ कोयत्यासारखी. ती म्हणाली, "साहेब, आमी ढिगावं चढू. नंबर वाचू. पन तो कोडाचा बार आंगावं नको."

साहेबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्याकडून कुणीच अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी दुसरा हातमोजाही काढला. मफलर काढला. शेडच्या मधोमध उभे राहिले आणि एक पाइप लांबूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "हे कोड माझं आहे! घरचं आहे! आत्येला होतं, मला आहे! बंदुकीचा काही संबंध नाही!"

मग बंदूक उलटी धरून त्यांनी लाल ठिपका स्वतःच्या कपाळावर पाडला, गालावर पाडला. शेवटी जीभ बाहेर काढली आणि ठिपका जिभेवर पाडला. "अहो, बघा! जीभ पांढरी झाली का?"

"आदीच पांढरी हाय," बुधीबाय म्हणाली. "पोट साफ नाय तुमचं."

यार्ड खदखदून हसलं. साहेबही हसले, जीभ आत घ्यायची विसरून. तरीही बायकांना पटायला पावसाळा गेला. साहेब रोज सकाळी कामाआधी जीभ काढून दाखवत. आमच्याकडे ती प्रार्थनाच झाली होती. एकेक करून बायका बंदूक धरायला लागल्या. बुधीबाय सगळ्यात शेवटी. पण एकदा धरल्यावर तिचा नेम असा बसला की साहेबांनी जुनी पोती फाडावीत तशी स्वतःची ऐट फाडून टाकली आणि बंदूक तिच्या हवाली केली. ढिगावर चढणं बंद झालं. ते यार्डात हातमोज्यांशिवाय वावरू लागले. मला एकदा त्यांनी अर्ध्या पाइपावरून हाक मारली. मी दचकलोच.

हे सगळं इथेच थांबलं असतं तर मी ही हकीकत लग्नाच्या पंगतीत सांगून माणसं हसवली असती.

विक्रमगडकडून वैशालीसाठी एक स्थळ आलं. मुलगा पंचायतीत कारकून, शांत. वैशाली त्याच्याशी फोनवर बोलत असे आणि बोलून झाल्यावर गुणगुणत असे, असं तिच्या आईनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. म्हणजे या वेळी नुसती सोयरीक नव्हती, पोरीचा जीव होता. साहेबांनी ठरवलं की आपण घरी थांबायचंच नाही. "त्यांना सांगा, यार्डात माल उतरतोय, सुट्टी नाही," असं सांगून, मला घरी पाहुण्यांजवळ बसायला लावून ते पहाटेच कामावर गेले. हातमोजे पुन्हा चढले. मफलर चढला.

घरी सगळं सुरळीत झालं. मुलगा पंचायतीच्या कामात अडकलेला, आई-वडीलच आले होते. मुलाचे वडील निवृत्त एसटी कंडक्टर, अघळपघळ, मोठ्या आवाजाचे. मुलाची आई कमी बोलणारी, जास्त बघणारी. पोहे संपले, पसंती झाली, आणि कंडक्टर उठता उठता म्हणाले, "व्याह्यांना भेटल्याशिवाय जायचं कसं? यार्ड आमच्या वाटेवरच आहे. वैशाली, चल गं, रस्ता दाखव." मी फोन लावेपर्यंत जीप सुटलीसुद्धा. मी मोटारसायकलनं मागे.

गेटमधून आत गेलो तर साहेब हेल्मेट, गॉगल, तोंडाला धुळीचं फडकं, हातमोजे, मफलर अशा थाटात एक पाइप लांब उभे. मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा चढवून सोंग नाचायला निघावं तसे.

"नमस्कार!" ते लांबूनच ओरडले. "इथे धूळ फार आहे! तिथेच थांबा!"

"धुळीत जन्म गेला आमचा!" कंडक्टरही ओरडले. "ती लांबून वाचायची मशीन कुठाय? आम्ही तिकिटाच्या मशीनवर बोटं झिजवली. बघू तरी तुमची!"

साहेबांनी बुधीबायला खूण केली. तिनं बंदूक उचलली, शेडच्या पार टोकाला ठिपका पाडला. टीं! कंडक्टर हरखले. "वा! व्याही, आता तुम्ही!"

साहेबांनी नाही म्हणायला हवं होतं. मी मागून मान हलवत होतो. वैशाली त्यांच्याकडे टक लावून बघत होती. पण त्या बंदुकीचं कुणी कौतुक केलं की या माणसाला स्वतःला आवरता येत नसे. त्यांनी बंदूक घेतली, हातमोजा काखेत दाबून ओढून काढला, आणि शेडच्या बाहेर, कुंपणाला लागून ठेवलेल्या पाइपावर भर उन्हात ठिपका लावला. टीं! टाळ्या पडल्या. कंडक्टर पुढे धावले आणि त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला.

मग त्यांनी हाताकडे बघितलं.

मुलाची आई हळूच जवळ आली. तिनं आवाज चढवला नाही. "हे घराण्यातलं आहे का?"

साहेबांच्या एका हातात त्यांच्या व्याह्याचा हात होता आणि दुसऱ्या हातात बंदूक. मी त्यांना बंदुकीकडे बघताना पाहिलं. मग त्यांनी वैशालीकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "घरचं नाही. हे याचं आहे. या बंदुकीच्या उजेडानं होतं."

बुधीबाय तिथेच उभी होती. तिनं आपले दोन्ही तळवे वर केले, बघितले, पदराला पुसले आणि पुन्हा बघितले.

"मग ठीक आहे," कंडक्टर सुटल्यासारखे म्हणाले. "कामातलं आहे. आमच्यातल्या ड्रायव्हरांच्या कमरा नाही का जात?"

आईचं मात्र संपलं नव्हतं. ती वैशालीकडे वळली. "तू येतेस का गं इकडे? या मशीनजवळ?"

एक शब्द पुरला असता. नाही. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. साहेबांचे ओठ फडक्याआड हललेलेही मला दिसले. वैशालीनं बापाच्या हातातून बंदूक काढून घेतली, लाल ठिपका स्वतःच्या तळहातावर पाडला आणि तसाच धरून ठेवला.

"रोज येते," ती म्हणाली. "बाबांचा डबा घेऊन. आणि बाबांचं कोड घरचंच आहे. माझ्या आजोबांच्या बहिणीला होतं."

कंडक्टर काहीतरी बोलणार होते. बायकोनं त्यांच्या बाहीला धरलं. जाताना ती वैशालीच्या डोक्यावरून हात फिरवणार होती. हात अर्ध्यावर आला आणि मागे गेला. "कळवतो," ती म्हणाली. मुलाचा फोन त्यानंतर आला नाही. वैशालीनं केला, तो उचलला गेला नाही. ती अजून बालवाडीत शिकवते. गुणगुणत नाही.

दुसऱ्या सकाळी साहेब शेडमध्ये आले, हातमोजे न घालता, आणि त्यांनी जीभ बाहेर काढली. कुणी हसलं नाही. बंदूक टेबलावर पडून राहिली.

"बुधीबाय, काल मी खोटं बोललो," साहेब म्हणाले. ओरडले नाहीत, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"पोरीच्या सोयरिकीत कोन खोटं बोलतं का, साहेब?" बुधीबायनं विचारलं.

या प्रश्नाला जव्हार तालुक्यातला एकही लग्न झालेला माणूस तोंड देऊ शकला नसता.

"अहो, पण पोरीनं स्वतःच्या हातावर पाडून दाखवला ना!" मी मध्ये पडलो.

"ती रागावली व्हती," दुसरी एक बाई म्हणाली. "रागात मानूस विहिरीत पन उडी टाकतं."

कंपनीनं खालून एक माणूस पाठवला. त्यानं यंत्र सुरक्षित असल्याचा इंग्रजी फलक लावला आणि दुपारच्या जेवणाआधी निघून गेला. बायका पुन्हा फडकी घेऊन ढिगांवर चढू लागल्या. साहेब उजाडायच्या आत येत, एकटेच बंदूक घेऊन या टोकाहून त्या टोकाला धावत, कुणी चढायच्या आधी नंबर वाचायची धडपड करत. "उतरा! अहो, उतरा! मी वाचतो!" पण गाड्या चार बाजूंना लागत आणि साहेब एकच होते. त्यांचा आवाज बसला. नुसतेच हात दिसत, पांढरे, लांबून हलणारे.

पाऊस तोंडावर होता आणि कंत्राटदारांना माल घाईनं हवा होता. बुधीबाय वर होती. साहेब शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. पाचर सरकली तेव्हा ते धावले. एवढं मी पाहिलं. ते पोहोचेपर्यंत एक पाइप तिच्या पायावरून गेला होता.

नाशिकला नेऊन पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नंतर मलमपट्टीसाठी तिला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात आणून ठेवलं, तेव्हा मी साहेबांबरोबर गेलो. तोवर त्यांनी नोकरी सोडली होती, आणि बंदूक कपाटात गेली होती. ती आजही तिथेच आहे. खाटेशेजारी बुधीबायचा नवरा नागलीची भाकर कुस्करून तिला भरवत होता. साहेब खाटेच्या कडेला बसले. मग त्यांचा बांध फुटला. माझ्यामुळे झालं, मी त्या दिवशी खोटं बोललो नसतो तर तू वर चढली नसतीस, असं काहीबाही बोलत ते हुंदके देऊ लागले. आजूबाजूच्या खाटांवरचे रोगी उठून बसले.

बुधीबायला ते बघवेना. तिनं नवऱ्याचा हात बाजूला सारला, तोंडातला घास गिळला आणि साहेबांना समजावलं,

"रडू नका, साहेब. पाय गेला तं गेला. कोड तं नाय झालं ना मना!"